चौघी-चौघींचं वजन

फोन आला तेव्हा मी पोलादपूरच्या बाजारात सुक्या बोंबलांसाठी घासाघीस करत होते. फोन मंदाचा होता. मंदा बदलापूरला असते, तिथं तिचं पोळी-भाजी केंद्र आहे, आणि दुपारी बाराच्या सुमारास ती कुणालाच फोन करत नाही, कारण ती डब्यांची वेळ. ती म्हणाली, "सुने, उतेकर सर गेले." बोंबीलवाल्या मावशीनं दोनदा विचारलं, घ्यायचेत का नाय, तेव्हा मी ती सांगेल त्या भावात पिशवी भरून घेतली आणि स्टँडच्या बाकावर जाऊन बसले. घरी येऊन पाहिलं तर बोंबील जुने, वास मारणारे निघाले. एरवी मी ते परत नेऊन मावशीच्या समोर आपटले असते…

सर जाणार हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी आरोग्य सेविका आहे, सरांचं गाव माझ्याच उपकेंद्राखाली येतं, आणि गेलं वर्षभर दर पंधरवड्याला त्यांचा रक्तदाब मीच बघत होते. ते जाण्याच्या आठवडाभर आधी मी घरी गेले तर सर ओटीवर खाटेवर पडून होते. आधीच काडीसारखे, आता तर पांघरुणाखाली माणूस आहे की नाही अशी शंका यावी. मी रागावले, म्हटलं, सर, जेवता की नुसतं ताट बघता? ते म्हणाले, "बघतो. रंगसंगती चांगली असते तुझ्या काकीची." चित्रकलेचे मास्तर ते, शेवटपर्यंत मास्तरच राहिले. सरांना जाऊन आता सहा आठवडे होतील. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी सरांवर काही लिहून द्या असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. मी रजिस्टरं भरणारी बाई, मला असलं लिहायची सवय नाही. पण सरांबद्दलची एक गोष्ट मी सतरा वर्षं लोकांना चुकीची सांगत आले, हे मला त्यांच्या माघारी कळलं. ती तरी दुरुस्त करावी म्हणून बसले आहे.

आमची शाळा उमरठच्या रस्त्यावर. आजूबाजूच्या वाड्यांतली पोरं डोंगर उतरून यायची, तासभर चालून. मुलांचा कबड्डीचा संघ होता आणि त्याचा रुबाबही होता. आम्हा मुलींना सव्वीस जानेवारीला लेझीम मिळायची आणि नंतर वर्षभर मैदानाच्या कडेला बसून टाळ्या वाजवायचं काम. उतेकर सर चित्रकला शिकवायचे आणि शाळेला क्रीडाशिक्षक नसल्यामुळे तो तासही त्यांच्याच गळ्यात होता. ते स्वतः इतके किडकिडीत की मुलं म्हणायची, वारा सुटला की सरांना धरून ठेवा. त्या सरांनी एक दिवस स्पर्धांचं परिपत्रक वाचता वाचता शोध लावला की जिल्ह्याला मुलींची रस्सीखेचही असते आणि तिच्यात फार कुणी उतरत नाही. मुख्याध्यापक हसले म्हणे. सरही हसले आणि त्यांनी अर्ज भरून टाकला.

मी तेव्हा नववीत. वर्गातली सगळ्यांत जाड मुलगी. मला ढोली म्हणत, आणि मी त्या नावाला ओ देत असे, कारण ओ दिली नाही की ते आणखी मोठ्यानं म्हणत. आमच्याकडे शेती नव्हती. बाबा मुंबईला एका इमारतीत वॉचमन, आई आणि मी रेशनच्या तांदळावर, तरी मी अशी कशी झाले हे आईलाही कोडं होतं. खेळाच्या तासाला मी नेमानं पोट दुखतंय म्हणून वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून बसायचे. सर तिथं आले, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले की दोरीच्या शेवटी उभं राहायला एक माणूस लागतं, ते जागचं हलता कामा नये, बाकीचे सात त्याच्या जिवावर ओढतात. मी म्हटलं, सर, मला धावता येत नाही. ते म्हणाले, "धावायचं कुठं गो? तुला उलट जाग्यावर राहायचं हाय." आजवर मला जे जमत होतं तेच कुणीतरी मागितलं होतं. मी हो म्हटलं आणि त्याच क्षणी घाबरलेही, कारण आठ जणींचं मिळून वजन ठरावीक आकड्याच्या आत असावं लागतं असं ते पुढे म्हणाले. म्हणजे काट्यावर चढणं आलं, सगळ्यांसमोर.

शाळेत काटा नव्हता. गावात एकच मोठा काटा, स्टँडच्या टोकाला भातगिरणीत, पोती मोजायचा. वजनाच्या दिवशी मी गिरणीपर्यंत गेले आणि बाहेरच कोंड्याच्या ढिगामागे उभी राहिले. आत शिरायचंच नाही असं ठरवलं होतं. सरांनी मला हाक मारली नाही. त्यांनी आतल्या मुलींना सांगितलं की एकेकीचं वजन करायचं नाही, चौघी-चौघींनी एकदम चढायचं, एकमेकींना धरून. गिरणीवाला म्हणाला, अहो मास्तर, एकेक केलं तर हिशोब चोख राहील. सर म्हणाले, "मला चोख नको, मिळून किती ते सांग." हे ऐकून मी आत गेले. मंदानं मला कमरेला धरलं, तिला पार्वतीनं धरलं, चौथी पडता पडता वाचली आणि आम्ही इतक्या हसलो की काटा ठरेना. सरांनी दोन आकडे लिहिले, त्यांची बेरीज केली आणि म्हणाले, बसतंय. पुढचे तीन महिने दर शनिवारी हेच. राखीव दोघी धरून आम्ही दहा जणी, पण कुणाचं वजन किती हे एकीलाही माहीत नव्हतं, आणि त्या गिरणीतून बाहेर पडल्यापासून संघात मला ढोली म्हणणं बंद झालं. सरांनी तसं कुणाला बजावल्याचं मला आठवत नाही.

दोरी त्यांनी महामार्गावरच्या एका गॅरेजातून मागून आणली. आंबेनळी घाटात अडकलेले ट्रक ओढायची दोरी, मनगटाएवढी जाड, डिझेलचा वास असलेली. तिचं एक टोक मैदानाच्या कडेच्या जांभळीला बांधायचं आणि आम्ही आठ जणींनी ओढायचं. पहिले दोन आठवडे आम्ही झाड हलवायच्या ईर्षेनं ओढत होतो आणि हाताची सालं काढून घेत होतो. सर कट्ट्यावर बसून आमच्या पायांची चित्रं काढायचे. मग वही दाखवायचे. आठ जणींच्या सोळा पायांपैकी कुठला कधी मागे पडला ते त्यात असायचं. झाडाचं काय ते झाड बघेल, म्हणायचे, तुम्ही एकदम मागे जाता का तेवढं बघा. मोजणी द्यायचं काम त्यांनी मुद्दाम सगळ्यांत लहानखुऱ्या कुसुमला दिलं. ती राखीव होती, पण तिच्या "हां… हां…" वर आम्ही आठ जणी मागे जायचो, कप्तान मंदासुद्धा. ओढताना कुणाचा पाय सुटला तर त्या मुलीचं नाव घ्यायचं नाही असा आमच्यात एक दंडक पडला होता. दोरी सरकली, एवढंच म्हणायचं. कुणाची चूक हे प्रत्येकीला ठाऊक असायचंच, ज्या मुलीची असे तिला तर जास्तच.

आणखी एक नियम होता, तो आम्हाला तेव्हा जाचक वाटायचा. आठ जणी हजर नसतील तर सराव नाही. राखीव मुलगी घेऊन आठ करायच्या नाहीत. राखीव दोघींचे दिवस वेगळे ठरलेले असायचे, एक दिवसाआड मंदा आणि पार्वतीनं खाली बसायचं आणि कुसुम नि तिची चुलतबहीण रेखा यांनी त्यांच्या जागी दोरी धरायची. मंदा दहावीत, तिचं ते शाळेतलं शेवटचं वर्ष, तरी ती कधी कुरकुरली नाही याचं मला नवल वाटायचं. दसऱ्यानंतर भातकापणी आली आणि पार्वती यायची बंद झाली. पाच दिवस सराव नाही. सहाव्या दिवशी मंदा म्हणाली, चला. आम्ही नऊ जणी आणि सर पार्वतीच्या वाडीवर गेलो. मला विळा नीट धरताही येत नव्हता. पार्वतीच्या आईला वाटलं आम्ही मुलीला पळवून न्यायला आलोय. ती म्हणाली, मास्तर, पोरींचे काय खेळ, हितं भात पडलंय. सर पँट दुमडून वाफ्यात उतरले. दोन दिवसांत कापणी उरकली, आणि तिसऱ्या दिवशी पार्वतीच्या आईनंच तिला मैदानावर आणून सोडलं, सोबत दहा जणींसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि करांद्याच्या कंदाची भाजी. कापणीच्या त्या दोन दिवसांत सर आणि पार्वतीचे वडील बांधावर बसून बराच वेळ बोलत होते. काय ते मला तेव्हा कळलं नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही एसटीनं आदल्या दिवशी पोचलो आणि सकाळी वजनाला उभ्या राहिलो. तिथं चौघी-चौघी वगैरे काही नव्हतं. टेबलामागे एक गृहस्थ, पुढे दवाखान्यातला चकचकीत काटा, एकेकीनं चढायचं आणि ते आकडा मोठ्यानं वाचणार. आजूबाजूला पाच-सहा शाळांची मुलं-मुली. सरांनी त्यांना हळूच विनंती केली की आकडा नुसता लिहा, वाचू नका. ते म्हणाले, नियम आहे. माझा नंबर शेवटचा. माझा आकडा वाचला गेला आणि मागे हशा पिकला. तो आकडा मी इथं लिहिणार नाही. मी काट्यावरच खिळले, उतरायचंही सुचेना. इतक्यात कोपराला हात लागला. सरांनी मला उतरवलं, चपला काढल्या आणि स्वतः काट्यावर चढून उभे राहिले. वाचा, म्हणाले. ते गृहस्थ गोंधळले, पण सवयीनं वाचून गेले. सर माझ्यापेक्षा चार किलो कमी भरले. मग जो हशा झाला तो सगळा त्यांच्या वाट्याला गेला. ते काट्यावरून उतरले, शांतपणे चपला घातल्या आणि म्हणाले, पुढचं सांगा.

पुढचं वाईट होतं. आमची बेरीज आठ किलोंनी जास्त झाली होती. गिरणीत दर शनिवारी बसत होतं ते इथं बसेना. मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. गिरणीवाला काटा मारतो ही ओरड सगळ्या पंचक्रोशीत होती. शेतकऱ्याचं भात घेताना काटा कमी दाखवायचा, ही त्याची जुनी खोड. वाडीवाडीवर लोक त्याच्या नावानं बोटं मोडत, आणि तरी आम्ही तीन महिने त्याच काट्यावर चढत होतो. त्यानं भाताबरोबर आम्हालाही मारलं, असं मी पुढे कित्येक लग्नांत, हळदीकुंकवांत सांगितलं, आणि दर वेळी लोक पोट धरून हसले. सरांनाही सांगितलं. ते खाली बघून हसायचे.

त्या दिवशी मात्र हसू येत नव्हतं. वजन बंद व्हायला तासभर होता. उपाय उघड होता, मला काढून कुसुमला घेतलं की हिशोब बसत होता, वर किलोही उरत होते. मी सरांकडे गेले आणि म्हटलं, मी बसते. सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची नजर तशी मऊ, पण त्या दिवशी मी ती चुकवली. त्यांनी विचारलं, "संघाचं बरं व्हावं म्हणून बसतेस, का मघाशी लोक हसले म्हणून?" मी मागे वळून त्या काट्याकडे बघितलं. ते म्हणाले, "मग तू ठरवायचं नाय. दहा जणी मिळून ठरवा." आणि चहा प्यायला म्हणून निघून गेले. आम्ही एका भिंतीच्या सावलीत बसलो. वाद होईल, रडारड होईल असं मला वाटलं होतं. मंदानं एक मिनिटही घेतलं नाही. "मी नि पार्वती बसतो. कुसुम नि रेखा आमच्या जाग्यावर. शेवटाला सुनीच पायजे," ती म्हणाली, आणि पार्वती आधीच हाताला गुंडाळलेली कापडाची पट्टी सोडून रेखाच्या हाताला बांधत होती. मंदाचं ते शेवटचं वर्ष होतं. इतकं पटकन तिला कसं सुचलं हा विचार तेव्हा मनाला शिवून गेला, पण थांबला नाही.

पहिल्या दोन शाळांना आम्ही ओढलं. कुसुम दोरीला लटकूनच मोजणी देत होती आणि मंदा-पार्वती रेघेबाहेर आमच्याबरोबर एकेक पाऊल मागे जात होत्या, हातात काही नसताना. तिसऱ्या शाळेपुढे आम्ही हरलो. पाय माझा सुटला. ओल्या गवतावर टाच सरकली आणि मी बसले, मग सगळ्याच बसल्या. परतीच्या एसटीत माणगाव सोडल्यावर मी मंदाला म्हटलं की तू असतीस तर जिंकलो असतो, माझ्यामुळे गेलं. तिनं भाकरी तोडली, अर्धी मला दिली आणि म्हणाली, "दोरी सरकली. जेव." पुढच्या सीटवर सर खिडकीला डोकं टेकून झोपले होते, किंवा तसं दाखवत होते.

सरांनी पुढे निवृत्तीपर्यंत संघ चालवला. नंतरच्या मुली आमच्यापेक्षा पुढे गेल्या, दोघी-तिघी तर राज्यापर्यंत. त्यांच्याबद्दल दुसरं कुणी लिहील. आम्हा दहा जणींची लग्नं झाली, कुणी मुंबईला, कुणी महाडला, एक पाचाडला खानावळ चालवते. मी नर्सिंगला गेले, ते सरांनी फॉर्म आणून दिला म्हणून. माझ्या केंद्रात गरोदर बायकांचं वजन मी पडद्याआड करते आणि आकडा कार्डावर लिहून कार्ड त्यांच्या हातात देते. नव्या मुली विचारतात, ताई, एवढं कशाला? मी सांगत बसत नाही.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी आम्ही दहाही जणी सरांच्या घरी जमलो. इतक्या वर्षांत सगळ्या एकदम अशा जमलो नव्हतो. माजघरात फोटो होता, त्याला हार. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. हळूहळू आठवणी निघाल्या, आणि मी माझी ती नेहमीची गोष्ट काढली, भाताबरोबर आम्हालाही मारलं ती. दुःखाच्या घरात थोडं हसू यावं म्हणून. काकी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं गो." मला कळेना. काकी सांगू लागल्या. पार्वतीच्या बापानं कापणीच्या वेळेला बांधावर बसून सरांना काट्याचं सांगितलं होतं. घरी येऊन सरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. खऱ्या काट्यावर न्यावं तर तेव्हाच कुणाला तरी काढावं लागणार, आणि कुणाला ते उघड होतं. मास्तरानं काढलेली पोर पुन्हा मैदानावर येत नाही, असं ते म्हणाले होते. म्हणून ते गप्प राहिले. मंदाचं शेवटचं वर्ष आपल्यामुळे गेलं, हे मात्र त्यांना अखेरपर्यंत सलत होतं. आजारपणात दोनदा तिचं नाव काढलं म्हणे.

मला राग आला, खरं सांगते. फोटोकडे बघून राग आला. मला वाचवायला त्यांनी मंदाचा घास काढला होता, आणि मी सतरा वर्षं ते विनोद म्हणून सांगत फिरत होते. मी मंदाकडे वळले. माफी मागावी तर कुणाच्या वतीनं? मंदा काकींच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. ती म्हणाली, "काकी, तेवढ्यासाठी कशाला जीव जाळला त्यांनी… मला बी ठाऊक होतं. आमचं भात त्याच गिरणीत जायचं." पार्वती पदरानं डोळे पुसत मान हलवत होती. मी एकेकीकडे पाहिलं. कुसुम, रेखा, बाकीच्या. एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळ्यांच्या घरचं भात तिथंच जात होतं. शेती नसलेलं घर आमचं एकट्याचं.

एक दिवसाआड खाली बसणाऱ्या मंदा आणि पार्वती मला आता दिसल्या, कट्ट्यावर, कुसुमच्या मोजणीवर पाय हलवत. त्या तेव्हापासून तयारी करत होत्या. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? दहा जणींत मलाच का नाही?

मंदा माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आपणहून गेली असतीस गो."

काकी उठल्या आणि त्यांनी आणखी एक पातेलं चहा ठेवला, आणि आम्ही दहा जणी शेवटच्या एसटीची वेळ होईपर्यंत तिथंच बसून राहिलो.